घरच्या पैदाशीतील उंदरांच्या पिल्लांचे दूध तोडताना

साप पाळणाऱ्या माणसाला दोन-तीन वर्षांत एक हिशेब आपोआप उमगतो. गोठवलेले उंदीर दर महिन्याला विकत आणत राहण्यापेक्षा घरातच चार-पाच टबांत उंदरांची पैदास केली, तर हव्या त्या मापाचे पिल्लू हव्या त्या आठवड्यात हाताशी असते, आणि त्याने काय खाल्ले, ते कसे वाढले, हेही आपल्याला ठाऊक असते. ओहायोतील आमच्या घराच्या तळघरात अशी छोटी पैदास गेली काही वर्षे चालू आहे. खाणारे म्हणजे तीन कॉर्न स्नेक आणि लेकीचा एक बॉल पायथन. नर-माद्यांची जोडी जमवणे आणि माद्यांचे बाळंतपण हेच काय ते अवघड काम, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात ही दोन्ही कामे उंदीर आपल्या मदतीवाचून उरकतात. माणसाचा हात खरोखर लागतो, आणि चुकला तर एका रात्रीत अख्खे वेत हातचे जाते, ते पिल्लांना आईच्या अंगावरून तोडण्याच्या चार-पाच दिवसांत. हा लेख तेवढ्याच दिवसांविषयी आहे.

मराठीत लहान-मोठ्या दोन्ही जातींना उंदीरच म्हणतात, पण दोघांचे वेळापत्रक थोडे वेगळे आहे. म्हणून येथे ‘उंदीर’ हा शब्द माउस या लहान जातीसाठी वापरला आहे आणि त्याच्या थोरल्या भाऊबंदाला ‘रॅट’ म्हटले आहे. भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक खुलासाही आवश्यक आहे. नाग, धामण, अजगर असे देशी साप वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार घरात ठेवता येत नाहीत, आणि साइट्स या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असलेल्या बॉल पायथनसारख्या विदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. ते कागद आधी जागेवर असावेत. उंदरांचे नंतर पाहता येते.

दिवस मोजण्यापासून सुरुवात

प्रत्येक टबावर एक कार्ड चिकटवावे आणि त्यावर आईची खूण, व्याल्याची तारीख, पिल्लांची संख्या एवढे तरी लिहावे. जन्माचा दिवस शून्य धरतात, पहिला नव्हे. मादी ३ मार्चला पहाटे व्याली असेल, तर पिल्लांचा एकविसावा दिवस २४ मार्चला येतो. शून्य विसरल्यामुळे एक दिवस आधीच तोडलेली पिल्ले मी स्वतः पाहिली आहेत, आणि या वयात एक दिवस म्हणजे माणसाच्या लेकराचे काही महिने. उंदीर आणि रॅट या दोघांसाठीही एकविसावा दिवस हा सर्वसाधारण मुहूर्त मानला जातो. रॅटांच्या बाबतीत अनेक जण चार आठवड्यांपर्यंत थांबतात आणि तसे थांबण्यात काही वावगे नाही. मात्र एकवीस हा आकडा म्हणजे ‘आता पाहायला हरकत नाही’ अशी सूचना आहे. कार्डावर २१ आला म्हणून डोळे मिटून पिल्ले उचलायची नसतात. पिल्लू तयार आहे की नाही, हे त्याच्या वजनावरून, दातांवरून आणि ते स्वतःहून पाणी पिते की नाही यावरून ठरवावे.

एका टबात एक नर आणि दोन-तीन माद्या ठेवल्या असतील, तर माद्या आपली पिल्ले एकाच घरट्यात आणून सगळ्यांना मिळून पाजतात. हे दृश्य गोड असले, तरी कोणते पिल्लू कोणत्या तारखेचे, हे दहाव्या दिवसानंतर नजरेने सांगता येत नाही. दोन वेतांत तीन-चार दिवसांचे अंतर असेल तर फारसे बिघडत नाही. आठ-दहा दिवसांचे असेल तर थोरली पिल्ले धाकट्यांना सडावरून ढकलून देतात, म्हणून गाभण मादीला व्यायच्या आधीच स्वतंत्र टबात हलवणे नवख्यासाठी सोयीचे असते.

तोडण्याआधीचा आठवडा

खरे काम एकविसाव्या दिवशी सुरू होत नाही, ते चौदाव्या दिवशी सुरू होते. उंदराच्या पिल्लाला सातव्या दिवसाच्या आसपास लव दिसू लागते, अकराव्या-बाराव्या दिवशी पुढचे दात हिरड्यांतून वर येतात आणि तेराव्या-चौदाव्या दिवशी डोळे उघडतात. डोळे उघडल्यावर दोन-तीन दिवसांतच पिल्लू घरट्याबाहेर येऊन आईच्या खाद्याला दात लावते. याच सुमारास त्याच्या अंगात लाह्या फुटल्यासारख्या उड्या येतात. झाकण उघडावे तर तळाशी बसलेले पिल्लू पापणी लवण्याच्या आत काठापर्यंत येते. या वयाला ‘हॉपर’ हे नाव का पडले, हे त्या दिवशी कळते. म्हणून चौदाव्या दिवसापासून टब जमिनीवर ठेवूनच उघडावा, टेबलावर ठेवून उघडू नये.

या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात. पहिली खाद्याची. वरच्या जाळीत अडकवलेले कडक पेलेट, म्हणजे दाबून बनवलेल्या खाद्याच्या कांड्या, पिल्लांना पोचत नाहीत, म्हणून रोज संध्याकाळी दोन-तीन पेलेट कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, एखाद्या उथळ झाकणात घरट्याजवळ ठेवावेत. सकाळी उरलेले काढून टाकावे, कारण ते आंबते आणि आंबलेल्या लगद्याने पिल्लांना जुलाब होतात. पाजणाऱ्या आईला आणि वाढत्या पिल्लांना प्रथिने किमान १८ टक्के असलेले, उंदरांसाठीच बनवलेले खाद्य द्यावे. शिळी पोळी, पाव, नुसते गहू यांवर पिल्ले जगतात, पण वाढत नाहीत. कोंबडीच्या पिल्लांचे स्टार्टर खाद्य स्वस्त मिळते म्हणून वापरण्याचा मोह होतो. त्यात बऱ्याचदा कॉक्सिडिओसिसवरचे औषध मिसळलेले असते, तेव्हा पिशवीवरचा मजकूर वाचल्याशिवाय ते घेऊ नये.

दुसरी गोष्ट खाद्य न बदलण्याची. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात बेनेट गॅलेफ यांनी रॅटांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले, आणि त्यांतून असे दिसले की आपल्या जातभाईच्या श्वासाला ज्या खाद्याचा वास येतो तेच खाद्य रॅट पुढे पसंत करतात. पिल्ले काय खायचे हे मोठ्यांच्या तोंडाशी नाक लावूनच शिकतात. याचा व्यावहारिक अर्थ सोपा आहे: आई ज्या पेलेटवर आहे तेच पेलेट नव्या टबात द्यावे आणि ब्रँड बदलायचाच असेल, तर तो दूध तोडल्यावर दोन आठवड्यांनी, जुन्यात नवे मिसळत बदलावा.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि तिला स्वतंत्र जागा देणे भाग आहे.

पाणी

दूध तोडल्यावर पिल्लू मेले की नवखा माणूस म्हणतो, ‘खाल्लं नाही.’ बहुतेक वेळा ते प्यायलेले नसते. दुधात मुख्यतः पाणीच असते. कडक पेलेटमध्ये मात्र जेमतेम दहा टक्के ओलावा असतो. म्हणजे आईपासून दूर नेले त्या क्षणी पिल्लाचे नुसते अन्न जात नाही, त्याचे पाणी जाते. घसा कोरडा असेल तर उंदीर कोरडे खाद्य चावत नाही, आणि चोवीस तासांनी आपल्याला समोर भरलेली खाद्याची वाटी आणि पोट खपाटीला गेलेले पिल्लू दिसते. वाटी भरलेली आहे म्हणून आपण कारण भलतीकडे शोधत बसतो.

बाटलीच्या नळीतून पाणी येते, हे पिल्लाला कोणीतरी शिकवावे लागते, आणि ती शिक्षिका आईच असते. म्हणून चौदाव्या दिवसापासून आईच्या टबातच एक जादा बाटली खाली लावावी. तिच्या नळीचे टोक बिछान्यापासून दोन-तीन सेंटिमीटर उंच असावे. आई पिताना पिल्ले शेजारी येऊन तोंड लावतात आणि तीन-चार दिवसांत सरावतात. सोळाव्या-सतराव्या दिवशी रात्री लाल उजेडाच्या दिव्यात दहा मिनिटे टबाशी बसावे. किती पिल्ले नळीला लागतात ते दिसते. मी हे दर वेताला करतो, आणि वेळ वाया गेला असे एकदाही वाटलेले नाही.

नळी किती खाली हे जितके महत्त्वाचे, तितकेच ती बिछान्याला टेकू न देणेही महत्त्वाचे आहे. हे मी महाग किंमत देऊन शिकलो. दोन हिवाळ्यांपूर्वी बावीस दिवसांची नऊ पिल्ले नव्या टबात ठेवली, झिलप्यांचा चांगला जाड बिछाना घातला, बाटली काठोकाठ भरून लावली आणि समाधानाने वर जाऊन झोपलो. उंदरांना बिछाना उकरून एका बाजूला ढीग रचण्याची सवय असते. त्या रात्री त्यांनी तो ढीग नेमका नळीखाली रचला. नळीच्या तोंडाशी असलेल्या गोळीला झिलप्या टेकल्या की वातीत तेल चढावे तसे पाणी त्यांत ओढले जाते आणि ओढलेच जात राहते. सकाळी बाटली रिकामी होती, टबाचा अर्धा तळ चिंब होता आणि नऊपैकी सहा पिल्ले कोपऱ्यात एकमेकांना बिलगून थंडगार पडली होती. तळघरात त्या रात्री १७ अंश सेल्सिअस होते. बाटलीत काही दोष नव्हता. बिछाना जाड होता आणि नळी खाली होती, एवढेच.

तेव्हापासून तोडलेल्या पिल्लांच्या टबात नळीखालच्या कोपऱ्यात मी बिछाना घालत नाही. तेथे एक चपटी फरशी ठेवतो, म्हणजे तिच्यावर ढीग रचला तरी तो लगेच नजरेत येतो. बाटल्या नेहमी दोन लावतो, टबाच्या दोन बाजूंना. लावल्यावर प्रत्येक नळीची गोळी बोटाने दाबून थेंब येतो का ते पाहतो, कारण कधी हवेचा बुडबुडा अडकतो आणि भरलेली बाटलीही कोरडी ठरते. शिवाय पहिले दोन दिवस टबात बटाट्याची किंवा सफरचंदाची एक जाड फोड टाकावी. उंदरांची दूरवर वाहतूक करतानाही बाटलीऐवजी हीच युक्ती वापरतात. फोड म्हणजे पाण्याची बदली नव्हे, पण नळी न उमगलेल्या एखाद्या पिल्लाला ती एक रात्र तारून नेते.

तोडण्याचा दिवस

सकाळची वेळ निवडावी, म्हणजे पुढचे बारा तास आपण जागे असतो. ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत नेमके मोजणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा पुरतो, फक्त तो या कामासाठी वेगळा ठेवावा. काट्यावर प्लॅस्टिकचा खोल डबा ठेवून शून्य करावे आणि एकेक पिल्लू त्यात सोडावे. एकवीस दिवसांचे उंदराचे पिल्लू साधारण ८ ते १२ ग्रॅम भरते. रॅटचे ४० ते ६० ग्रॅम. माझा नियम असा, की आठ ग्रॅमच्या आतले उंदराचे पिल्लू त्या दिवशी आईजवळच राहते. बारा पिल्लांच्या वेतात दोन-तीन लहानखुरी निघतातच, आणि पाच पिल्लांच्या वेतात सगळी गुबगुबीत निघतात. एकच तारीख दोघांनाही लावणे म्हणूनच चुकीचे ठरते.

वजनाबरोबर दात पाहावेत. पिल्लाला हलकेच धरून ओठ मागे सारला, की वरचे दोन आणि खालचे दोन दात समोरासमोर येतात का ते दिसते. ते वाकडे किंवा एकमेकांना चुकवून वाढलेले असतील, तर ते पिल्लू कडक पेलेट कधीच कुरतडू शकणार नाही, आणि उंदराचे दात जन्मभर वाढत राहत असल्याने हा दोष आपोआप सुधारणार नाही. अशा पिल्लाला पैदाशीसाठी मुळीच ठेवू नये. ते सापाच्या खाद्यात आधी लावावे. एकाच जोडीच्या वेतांत असे दात पुन्हा पुन्हा दिसले, तर ती जोडी मोडावी.

वेत मोठे असेल तेव्हा दोन टप्प्यांत तोडणे हा सर्वांत सुखाचा मार्ग आहे, असे माझे मत आहे. एकविसाव्या दिवशी धडधाकट पिल्ले हलवावीत आणि लहानखुऱ्यांना आणखी तीन ते सात दिवस आईपाशी ठेवावे. सडांवरची गर्दी कमी झाली की ती झपाट्याने भरून निघतात, आणि आईचे दूधही एकदम तटून न राहता हळूहळू आटते. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या पलीकडे मात्र हे लांबवू नये, त्याचे कारण पुढे येते.

पिल्लू उचलताना शेपटीच्या टोकाला धरू नये. तेथली कातडी मोज्यासारखी निसटते. लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की शेपटीला धरून उचललेल्या उंदरांपेक्षा नळीतून किंवा ओंजळीत उचललेले उंदीर माणसाला कमी घाबरतात. टिश्यू पेपरच्या गुंडाळीची रिकामी नळी टबात ठेवली, की पिल्ले आपण होऊन तिच्यात शिरतात. दोन्ही तोंडांना हात लावून ती उचलायची आणि नव्या टबात रिती करायची. खाण्यासाठी वाढवलेल्या जनावराला एवढे जपायचे कशाला, असे कोणी विचारते. घाबरलेले पिल्लू पहिल्या दिवशी खात नाही, पीत नाही, आणि हाडकुळे पिल्लू सापाच्याही कामाचे नसते, हे एक उत्तर. दुसरे उत्तर असे, की ते आपल्या हातात आहे तोवर त्याची जबाबदारी आपली असते.

नवा टब आदल्या संध्याकाळीच मांडून ठेवावा. अमेरिकेतील प्रयोगशाळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत १५ ग्रॅमपर्यंतच्या उंदराला सुमारे ५२ चौरस सेंटिमीटर जागा किमान मानली आहे; मी त्याच्या दुप्पट धरतो. त्या मापाने ४० बाय २५ सेंटिमीटरच्या टबात नऊ-दहा पिल्ले ठेवावीत, त्याहून अधिक नकोत. बिछान्याला ॲस्पेनच्या झिलप्या किंवा कागदाचा लगदा चांगला. देवदाराच्या झिलप्यांचा उग्र वास उंदरांच्या श्वासाला बाधतो, त्या वापरू नयेत. खोलीचे तापमान २२ ते २५ अंशांच्या दरम्यान असावे. तीन आठवड्यांच्या पिल्लाच्या अंगात फारशी चरबी नसते, ते भावंडांच्या उबेवर जगते, म्हणून एकटे पिल्लू कधीही वेगळे ठेवू नये. तीन तरी एकत्र असावीत.

जुन्या टबातून एकच वस्तू नव्यात न्यावी: घरट्याचा कोरडा कागद-कापूस, मूठभर. ओळखीचा वास आला की पिल्ले लवकर स्थिरावतात. मुतलेला बिछाना मात्र नेऊ नये. घरट्याचे साहित्य सोबत नेल्याने नरांमधली भांडणे कमी होतात आणि मुतलेला भुसा नेल्याने ती वाढतात, असे नरांच्या टब-बदलीवर नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासांतही आढळले आहे.

नर कोणता, मादी कोणती

हे काम त्याच सकाळी उरकावे. शेपटीचे मूळ हलकेच वर करून मूत्रद्वार आणि गुदद्वार यांतले अंतर पाहावे. नरात ते मादीच्या जवळजवळ दुप्पट असते. एकटे पिल्लू पाहून अंदाज चुकतो, म्हणून दोन पिल्ले शेजारी धरून तुलना करावी. खात्री हवी असेल तर आणखी आधी, नवव्या-दहाव्या दिवसाच्या सुमारास, अंगावरची लव दाट होण्यापूर्वी पोटाकडची बाजू पाहावी. मादीच्या सडांचे ठिपके तेव्हा स्पष्ट दिसतात, नराला ते नसतात. रॅटांत हा घोळ फारसा होत नाही, कारण तीन-चार आठवड्यांच्या नराचे वृषण उघडच दिसतात. उंदराचा नर मात्र थंड हाताने धरला की ते वर ओढून घेतो आणि आपल्याला गंडवतो.

पहिल्या वर्षी चौदा ‘माद्यां’च्या टबात माझ्याकडून एक नर राहून गेला. लक्षात आले तेव्हा पिल्ले साडेसहा आठवड्यांची होती आणि पाच माद्यांची पोटे तटतटली होती. स्वतःच अर्धवट वाढलेल्या त्या माद्या चार-पाच पिल्ले व्याल्या, दोघींनी ती पाजलीच नाहीत आणि एकीने खाऊन टाकली. उंदराची मादी पाच-सहा आठवड्यांची होताच गाभण राहू शकते, कधी त्याच्याही आधी. रॅटांचेही साधारण पाच आठवड्यांपासून हेच असते. अठ्ठाविसाव्या दिवसापलीकडे नर पिल्लू आईजवळ किंवा बहिणींजवळ ठेवू नये, ते याच कारणासाठी. तोडल्यावर आठवड्याने प्रत्येक टबातील प्रत्येक पिल्लाची शेपटी पुन्हा एकदा उचलून पाहावी. दुसऱ्या तपासणीत चूक निघाली नाही असे माझ्याकडे फार थोड्या वेळा झाले आहे.

निरनिराळ्या वेतांतल्या सारख्या वयाच्या माद्या एकत्र ठेवता येतात. नर फक्त सख्ख्या भावांबरोबर, किंवा तोडण्याच्या त्याच दिवशी एकत्र आणलेल्या समवयस्कांबरोबर ठेवावेत. दोन महिन्यांच्या नरांत परका नर सोडणे म्हणजे त्याला मरायला सोडणे आहे.

पहिले तीन दिवस

पहिल्या चोवीस तासांत पिल्लाचे वजन अर्धा-पाऊण ग्रॅम घटलेले दिसले, तर घाबरून जाऊ नये. माझ्या काट्यावर बहुतेक वेतांत असे होते आणि तिसऱ्या दिवशी ते भरून निघते. दुसऱ्या दिवशीही घट चालूच असेल, तर मात्र दखल घ्यावी. पाठ कमानीसारखी वाकलेली, केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले अशी पिल्ले सकाळ-संध्याकाळ शोधावीत. खांद्यांमागची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच सपाट न होता उभी राहिली, तर पिल्लू सुकलेले आहे. अशा पिल्लाला ओला लगदा त्याच्या तोंडाशी न्यावा, सिरिंजच्या टोकावर कोमट पाण्याचा थेंब धरून चाटू द्यावा, टबाच्या अर्ध्या भागाखाली मंद आचेची गादी ठेवावी आणि आईचे दूध अजून चालू असेल तर सरळ तिच्याकडे परत पाठवावे. परत पाठवण्यात कमीपणा काही नाही. एवढे करूनही पिल्लू खालावतच गेले, तर त्याला रखडवत न ठेवता वेदनारहित मृत्यू द्यावा. त्याची रीत प्राण्यांच्या डॉक्टरांकडून आधीच शिकून ठेवलेली असावी.

ओला लगदा पहिले तीन दिवस रोज दोनदा, चौथ्या दिवशी एकदा आणि पुढे बंद, एवढे पुरते. टब पहिल्या तीन दिवसांत पूर्ण साफ करू नये, फक्त ओला कोपरा काढावा. या दिवसांत आपला हात वारंवार टबात जातो, म्हणून स्वच्छतेविषयी चार वाक्ये येथेच सांगतो. २०१२ मध्ये आमच्या शेजारच्या इंडियाना राज्यातील खाद्य-उंदरांच्या एका पैदास केंद्रातील कामगारांना उंदरांपासून माणसाला होणाऱ्या एलसीएम विषाणूची बाधा झाल्याचे आढळले होते. हा विषाणू गर्भाला घातक ठरू शकतो, म्हणून घरातील गरोदर बाईने उंदरांचे काम मुळीच करू नये. २०१७ मध्ये अमेरिकेतील अकरा राज्यांत घरगुती रॅट-पैदाशीतून, रॅटांपासून माणसाला होणारा सोल विषाणू पसरला. बाहेरून आणलेला नर किंवा मादी काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवल्याशिवाय आपल्या टबांत मिसळू नये, घरातले रानटी उंदीर खाद्याच्या डब्यापर्यंत पोचू देऊ नयेत, आणि बाटल्या स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत.

आई आणि पुढचे वेत

व्याल्यानंतर चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते. नर टबातच असेल, तर ती पाजता पाजताच पुन्हा गाभण राहते. एरवी १९ ते २१ दिवसांत व्यायची मादी पाजत असताना काही दिवस उशिरा व्यायते, कारण गर्भ रुजणे लांबणीवर पडते; तरीही नवे वेत नेमके तोडण्याच्या सुमारास येऊन ठेपते. अठराव्या दिवसापासून तिचे पोट रोज पाहावे. ते फुगलेले असेल, तर दोन टप्प्यांचा बेत सोडून सगळी पिल्ले एकविसाव्या दिवशी सकाळीच काढावीत, कारण तीन आठवड्यांची दांडगी पिल्ले नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना तुडवतात आणि त्यांचे दूध पिऊन टाकतात. अशा वेळी जी लहानखुरी पिल्ले राहतील, ती त्याच वयाची पिल्ले पाजणाऱ्या दुसऱ्या मादीकडे द्यावीत. तशी मादी नसेल तर ही पिल्ले हॉपर म्हणून गोठवायच्या हिशेबात धरावीत.

गाभण नसलेल्या मादीचे सड पिल्ले गेल्यावर एक-दोन दिवस तटलेले दिसतात. ते आपोआप आटतात. एखादा सड लाल, कडक आणि हाताला गरम लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. तिला दुसऱ्या माद्यांबरोबर किमान दोन आठवडे नराशिवाय ठेवावे, खाद्य तेच द्यावे आणि पाठीचा कणा बोटाला टोचेनासा झाला की मगच पुन्हा जोडीला लावावे. माझ्याकडे कोणतीही मादी पाच-सहा वेतांनंतर किंवा आठ महिन्यांच्या वयानंतर जोडीला लागत नाही. तिच्या कार्डावर शेवटच्या वेताची तारीख तांबड्या शाईने लिहून ते कार्ड तिच्याच टबावर राहू देतो.